सर आपिराना न्गाटा : जमिनीचे दफ्तर आणि गाण्यांची वही

संस्थानी शहरांतल्या जुन्या मराठी घरांतून दोन गोष्टी जिवापाड सांभाळल्या जात. एक, इनामाचे आणि जमिनीचे कागद. दुसरी, ज्या घरात गाणे असे त्या घरात, चिजांची वही. माझे वडील बडोदे दरबारच्या कलावंत कारखान्यातले गवई. आमच्याकडे कागद थोडे आणि वह्या पुष्कळ. कागद निघाले तर वकिलाकडे जात आणि वह्या निघाल्या तर शिष्यापुढे उघडत. दोन्ही एकाच पेटीत असूनही त्यांचा एकमेकींशी संबंध आहे, असे घरात कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही. परंतु पृथ्वीच्या दक्षिण टोकाला, न्यूझीलंड देशात, एक गृहस्थ असे होऊन गेले की त्यांनी हा संबंध नेमका ओळखला. ते वकील होते, अडतीस वर्षे पार्लमेंटचे सभासद होते, मंत्री होते आणि आपल्या लोकांची तीनशेहून अधिक जुनी गाणी त्यांच्या संग्रहामुळे टिकली. त्यांचे नाव सर आपिराना न्गाटा. मी संगीत शिकवणारा माणूस. गाण्यांच्या मागोमाग त्यांच्यापर्यंत पोचलो आणि मग त्यांच्या जमिनीच्या कामापाशी थांबलो. आज त्या चरित्राची ओळख वाचकांना करून द्यावी, असा विचार आहे.

न्यूझीलंडचे मूळ रहिवासी माओरी. ६ फेब्रुवारी १८४० रोजी वायटांगी येथे इंग्रज सरकार आणि माओरी सरदार यांच्यात तह झाला. तहाच्या इंग्रजी मसुद्यात सार्वभौम सत्ता देऊन टाकल्याची भाषा होती. माओरी मसुद्यात कारभार चालवण्याचा हक्क दिल्याची. दोन भाषांतल्या या अंतरातून पुढची सारी भांडणे निघाली. १८६३-६४ साली वायकाटो प्रांतावर सरकारी फौजा चालून गेल्या आणि लढाईनंतर तेथील सुमारे बारा लाख एकर जमीन जप्त झाली. जिथे तोफ गेली नाही तिथे कोर्ट गेले. १८६५ साली 'नेटिव्ह लँड कोर्ट' स्थापन झाले. माओरींची जमीन टोळीच्या समाईक मालकीची असे. या कोर्टाने ती नावानिशी वाटण्यास आरंभ केला. सुरुवातीला तर एका तुकड्यावर दहापेक्षा अधिक मालकांची नावे चढत नसत. ज्यांचे नाव कागदावर चढले ते विकू शकत आणि उरलेले आपल्याच शिवारात परके होत. पुढे वारसा चढत गेला तसे तुकड्यांचे तुकडे पडले. आपल्याकडे भाऊबंदकीत वाटण्या होऊन बांधाला बांध लागतात, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे फोडून सांगायला नको. १८९६ च्या खानेसुमारीत माओरी लोक ४२,००० च्या आसपास उरले होते आणि ही जात आता नामशेष होणार असे गोरे विद्वान खुशाल लिहीत होते.

अशा काळात, ३ जुलै १८७४ रोजी, उत्तर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर टे आरारोआ या गावी न्गाटी पोरो टोळीत आपिरानांचा जन्म झाला. वडील पाराटेने हे जमिनीच्या रिवाजांचे जाणकार. आजोबांच्या नात्याचे रोपाटा वाहावाहा हे लढवय्ये पुढारी. १८६० नंतरच्या लढायांत ते सरकारच्या बाजूने लढले होते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे. या दोघा वडीलधाऱ्यांनी मुलाला लहान वयात टे आउटे येथील निवासी शाळेत पाठवले. मुलगा बुद्धिमान निघाला. १८९३ साली तो क्राइस्टचर्चच्या कँटरबरी कॉलेजातून बी. ए. झाला. न्यूझीलंडच्या विद्यापीठाची पदवी पुरी करणारा तो पहिला माओरी. नंतर ऑकलंडला एका वकिली पेढीत उमेदवारी करून १८९६ साली त्याने कायद्याचीही पदवी घेतली. त्याच्या आदल्याच वर्षी आरिहिया नावाच्या मुलीशी त्याचे लग्न झाले होते.

शहरात राहून पैसा आणि नाव दोन्ही मिळवता आले असते. न्गाटा आपल्या गावाकडे, वायओमाटाटिनीला परतले. शाळेतल्या जुन्या विद्यार्थ्यांना जमवून त्यांनी १८९७ च्या सुमारास एक संघटना उभी केली. गावांची स्वच्छता, शिक्षण आणि शेतीसुधारणा यांचा प्रचार ती करी. पुढे डॉक्टर झालेले माउई पोमारे आणि टे रांगी हिरोआ, म्हणजेच पीटर बक, हे त्यांचे या कामातले सोबती. या तरुणांच्या उत्साहात घाईही होती. १९०७ साली जुन्या मांत्रिक-वैद्यांवर बंदी घालणारा कायदा झाला, त्याला न्गाटांचा पाठिंबा होता. त्या वैद्यांबरोबर पुष्कळ जुनी विद्याही कायद्याच्या कचाट्यात सापडली. जुने राखण्यासाठी पुढे जन्म वेचणाऱ्या माणसाच्या चरित्रात ही नोंद टाळून चालणार नाही.

आता गाणे आणि जमीन यांच्या संबंधाकडे येऊ. माओरींना पूर्वी लिपी नव्हती. अमुक डोंगर कोणाचा, अमुक नदीकाठी कोण राहिले, कोण मेले, कोणाची मुलगी कुठे दिली, हे सारे वंशावळीत आणि गाण्यात साठवलेले असे. त्यामुळे लँड कोर्टात हक्क सांगताना म्हातारे साक्षीदार वंशावळ म्हणत आणि जुन्या गाण्यांचा दाखला देत. गाण्यात पूर्वजाने डोंगराचे नाव घेतले असेल तर तो तिथे वावरला होता हे सिद्ध होई. गाणे हाच दस्तऐवज. जो माणूस जमिनीच्या हक्कांचा अभ्यास करी, त्याला गाण्यांचा अभ्यास केल्यावाचून गत्यंतर नव्हते आणि गाणे हरवले तर वहिवाटीचा एक साक्षीदार कायमचा जात असे. न्गाटांच्या पुढल्या सगळ्या धडपडीची किल्ली मला इथे सापडते.

१९०५ साली ते ईस्टर्न माओरी मतदारसंघातून पार्लमेंटवर निवडून आले. १९०७ साली सरकारने मुख्य न्यायाधीश सर रॉबर्ट स्टाउट आणि न्गाटा यांचे दोघांचे कमिशन नेमले. माओरींच्या हाती किती जमीन उरली आहे, ती कोण कसतो, कोणती त्यांच्यासाठी राखावी आणि कोणती वसाहतीला द्यावी, याची त्यांनी गावोगाव बसून चौकशी केली. गोऱ्या वसाहतवाल्यांची ओरड अशी की माओरी जमीन पडून आहे. न्गाटांचे म्हणणे असे की कर्ज, शिक्षण आणि अवजारे दिलीत तर माओरी स्वतः उत्तम शेती करील. पाठोपाठ १९०९ चा मोठा जमीन कायदा झाला आणि जॉन सॅमंड या नामांकित कायदेपंडिताबरोबर त्याच्या घडणीत न्गाटांचा हात होता. अनेक जुन्या कायद्यांचा गुंता त्याने एकत्र आणला, हे खरे. त्याच कायद्याने विक्रीच्या वाटाही मोकळ्या केल्या आणि पुढच्या वर्षांत बरीच जमीन हातची गेली, हेही तितकेच खरे.

घरच्या मुलखात मात्र त्यांनी आपले म्हणणे करून दाखवले. विखुरलेले हिस्से एकत्र करून एकेका कुटुंबाला एके ठिकाणी कसता येईल अशी जमीन द्यायची, किंवा सर्व हिस्सेदारांची मिळून एक संस्था करून ती नोकरीतल्या व्यवस्थापकाकडून चालवायची, अशा दोन तऱ्हा त्यांनी रूढ केल्या. आपल्याकडे ज्याला तुकडेजोड म्हणतात तोच हा प्रकार. न्गाटी पोरो लोक मेंढपाळीत गोऱ्यांच्या तोडीस उतरले आणि १९२० नंतर रुआटोरिया येथे त्यांची सहकारी दुग्धशाळा उभी राहून तिचे लोणी बाजारात जाऊ लागले.

दिवसा हे दफ्तर चाले आणि त्याच्याच जोडीने गाण्यांची वही. १९१९ ते १९२३ या काळात डोमिनियन म्युझियमच्या अभ्यासकांनी चार ठिकाणी मोहिमा काढून माओरी गाणी मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित केली. त्यातली चौथी मोहीम न्गाटांच्या आमंत्रणावरून त्यांच्याच मुलखात आली आणि त्यांच्या घरी उतरली. स्वतः न्गाटा पार्लमेंटच्या कामानिमित्त जिथे जात तिथल्या वृद्धांकडून गाणी उतरवून घेत. 'न्गा मोटेआटेआ' या नावाने त्यांच्या संग्रहाचा पहिला भाग १९२८ साली आणि दुसरा १९२९ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक गाण्यापाशी रचणारा कोण, टोळी कोणती, प्रसंग काय आणि गाण्यात आलेली माणसे व ठिकाणे कोणती, याची टिपणे आहेत. जमिनीच्या उताऱ्यावर मालकाचे नाव जितक्या काटेकोरपणे चढवावे, तितक्याच काटेकोरपणे त्यांनी गाण्यावर कर्त्याचे नाव चढवले.

या गाण्यांविषयी गायनाच्या अंगाने दोन शब्द लिहितो. त्यांत मृत्यूचे विलाप आहेत, विरहगीते आहेत आणि थोर कुळातल्या बाळासाठी रचलेली अंगाईगीतेही आहेत. या अंगाईत बाळाला झोपवण्यापेक्षा त्याला त्याच्या कुळाचा इतिहास ऐकवण्यावर भर असतो. स्वरांचा पल्ला फार लहान. एका मध्यस्वराभोवती, जवळजवळच्या दोनतीन स्वरांत चाल फिरत राहते. सगळे मिळून एका सुरात गातात. श्वासासाठी गाणे तुटता कामा नये. मध्येच खंड पडणे हा अपशकुन मानतात, म्हणून एकाचा दम संपण्याआधी दुसऱ्याने ओळ उचलायची. आपल्या ख्यालाचा विस्तार ऐकायला बसलेल्या कानाला हे गाणे प्रथम एकसुरी वाटेल. परंतु चार वेळा ऐकले की त्या लहानशा अवकाशातली हालचाल दिसू लागते आणि शब्द हाच त्याचा प्राण आहे हे कळते.

इथे आपल्या पंडित विष्णु नारायण भातखंड्यांची आठवण न होणे कठीण. तेही कायद्याचे पदवीधर. तेही वकिली बाजूला सारून उस्तादांच्या दारोदार चिजांसाठी फिरले. १९१६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यास जी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिचे सूत्रधार तेच. चीज कागदावर आली की घराण्याचे धन बाजारात गेले, अशी कुरकुर जुन्या गवयांत होती. ती आमच्या घरातही मी ऐकली आहे. न्गाटांच्या लोकांतही गाणे हे कुळाचे धन आणि ते जपून उघडायचे. दोघांनीही एकच हिशेब केला असावा. धन झाकून ठेवावे हे ठीक. पण ज्याला ते ठाऊक आहे तोच माणूस उद्या गेला तर झाकण्यासारखे काय उरणार?

कोरीवकामाची तीच अवस्था. माओरींची सभागृहे म्हणजे पूर्वजांच्या कोरीव मूर्तींनी भरलेली लाकडी घरे. ती विद्या जाणणारे वृद्ध हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. न्गाटांच्या पुढाकाराने कायदा होऊन १९२७ साली रोटोरुआ येथे कोरीवकामाची शाळा सुरू झाली. तिथे घडलेल्या पिने टायापा या तरुणाने जुन्या पद्धतीची तासणी चालवण्याची हातोटी एरामिहा कापुआ या वृद्ध कारागिराकडून मिळवली. पुढे या शाळेच्या कारागिरांनी देशभर अनेक सभागृहे उभी केली.

आता रोपाटा वाहावाहांची गोष्ट. न्गाटांचे वडीलधारे सरकारच्या बाजूने लढले होते आणि वायकाटोचे लोक सरकारच्या तोफांखाली भुईसपाट झाले होते. दोन टोळ्यांच्या मनात ही अढी दोन पिढ्या राहिली. त्यात पहिल्या महायुद्धात न्गाटांनी सैन्यभरतीसाठी जिवाचे रान केले, गाणे रचले, निधी जमवला. तर वायकाटोच्या राजकुळातील टे पुएआ हेरांगी या बाईंनी, ज्या सरकारने आमची जमीन घेतली त्याच्यासाठी आमची मुले लढणार नाहीत, अशी भूमिका घेऊन सक्तीच्या भरतीला विरोध केला. या दोघांची पुढे मैत्री झाली. न्गारुआवाहिया येथे आपल्या लोकांचे केंद्र उभारण्यासाठी टे पुएआंनी नाचगाण्याचा संच काढला आणि त्यावर गावोगाव पैसे जमवले. न्गाटांनी या कामाला हात दिला आणि तिथले माहिनारांगी सभागृह १९२९ साली उघडले तेव्हा ते त्यात अग्रभागी होते. नंतर मंत्री म्हणून वायकाटोतल्या शेती योजनांची देखरेख त्यांनी टे पुएआंकडेच सोपवली. समेटाची भाषणे पुष्कळांना करता येतात. ज्यांच्या आजोबांवर आपल्या आजोबांनी शस्त्र धरले, त्यांच्या हाती किल्ल्या देणे ही गोष्ट निराळी.

जप्त जमिनींचा प्रश्नही त्यांनी सोडला नाही. विरोधी पक्षात असूनही मंत्री गॉर्डन कोट्स यांच्याशी त्यांनी सख्य ठेवले. १९२६ साली जप्तीच्या चौकशीसाठी कमिशन बसले. वायकाटो आणि टारानाकी येथली जप्ती अन्यायाची किंवा प्रमाणाबाहेर होती, असा निर्वाळा त्याने दिला आणि टारानाकीसाठी सालीना ५,००० पौंड मंजूर झाले. जमीन परत मिळाली नाही. पण अन्याय झाला ही गोष्ट सरकारी कागदावर प्रथम चढली.

१९२७ साली न्गाटांना 'सर' हा किताब मिळाला आणि १९२८ च्या अखेरीस ते माओरी खात्याचे मंत्री झाले. दैवाची तऱ्हा अशी की सत्ता आली त्याच सुमारास घर रिकामे झाले. १९२९ साली वडील मुलगा माकारिनी आणि पाठोपाठ पत्नी आरिहिया दोघेही आजाराने गेले. न्गाटांनी स्वतःला कामात बुडवून घेतले. सरकारी पैशाने माओरी जमिनी लागवडीखाली आणण्याची योजना त्यांनी झपाट्याने देशभर पसरवली. तेवढ्यात जागतिक मंदी आली. माणसे उपाशी, खजिना रिता, आणि न्गाटांना थांबायला सवड नव्हती. टोळीच्या प्रमुखाने शब्द दिला की काम सुरू, कागद मागाहून, असा त्यांचा कारभार झाला. हिशेबनीस कुरकुरले, वृत्तपत्रांत गवगवा झाला आणि १९३४ साली चौकशी कमिशन बसले. एका हाताखालच्या माणसाने खोटे हिशेब केल्याचे निघाले, इतरांनी नियम मोडल्याचे निघाले, आणि न्गाटांनी कार्यपद्धती धाब्यावर बसवून आपल्या नात्यागोत्याला झुकते माप दिले, असा ठपका त्यांच्यावर आला. त्यांनी स्वतः पैसा खाल्ल्याचे मात्र कुठेही निघाले नाही. १ नोव्हेंबर १९३४ रोजी त्यांनी राजीनामा दिला.

या प्रकरणाचा निवाडा सोपा नाही. ज्याने कायदे घडवले त्यानेच कायद्याची पायरी ओलांडावी, हे खटकते आणि खटकलेच पाहिजे. सार्वजनिक पैशाला नातेगोते नसते. परंतु ज्या खात्याने सत्तर वर्षे एकेक कागद बिनचूक ठेवून माओरींची जमीन काढून घेतली होती, त्याच खात्याला माओरींच्या हाती प्रथमच पैसा येताच नियमांची एवढी आठवण व्हावी, यातला उपहास त्यांच्या लोकांच्या नजरेतून सुटला नाही. मंत्री गेला, योजना राहिल्या आणि नंतरच्या सरकारांनी त्या चालवल्या.

पुढे ६ फेब्रुवारी १९४० रोजी वायटांगीच्या तहाची शताब्दी आली. तहाच्या जागी न्गाटांच्या कारागिरांनी घडवलेले नवे सभागृह उघडले. सहासष्टीला टेकलेले सर आपिराना अंगणात उतरून तरुणांच्या पुढे स्वतः हाका नाचले; त्या क्षणाचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. परंतु गव्हर्नर जनरलच्या देखत बोलताना त्यांनी नुसता उत्सव केला नाही. शंभर वर्षांत काय गमावले आणि कोणत्या तक्रारी अजून उभ्या आहेत, याची आठवणही त्यांनी सभ्यपणे करून दिली.

तेव्हा दुसरे महायुद्ध सुरू झाले होते. न्गाटांच्या खटपटीने माओरींची स्वतंत्र पलटण, अठ्ठावीसावी बटालियन, उभी राहिली. तिच्यात सुमारे ३,६०० जण गेले आणि साडेसहाशेच्या आसपास परत आले नाहीत. ज्या न्यूझीलंड डिव्हिजनमध्ये ही पलटण होती, ती ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदी ओलांडताना आठव्या हिंदी डिव्हिजनच्या शेजारी होती. त्याच दिवशी, त्याच नदीवर आपल्या मराठा पलटणीच्या नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला.

माओरी पलटणीचा व्हिक्टोरिया क्रॉस न्गाटांच्याच टोळीतल्या मोआना न्गारिमू या तरुणाला मार्च १९४३ मधल्या ट्युनिशियातील पराक्रमाबद्दल मरणोत्तर मिळाला. त्या वर्षीचा सप्टेंबर महिना मात्र न्गाटांना निराळे काही दाखवून गेला. अडतीस वर्षे राखलेली जागा त्यांनी निवडणुकीत गमावली. राटाना पंथ आणि मजूर पक्ष यांच्या जोडीने तरुण मतदार वळवला होता. ६ ऑक्टोबर रोजी रुआटोरियात देशभरच्या टोळ्या जमल्या आणि न्गारिमूच्या आईबापांच्या हाती ते पदक देण्यात आले. पराभवाला दोन आठवडेही झाले नव्हते. तरी त्या मेळाव्याचे यजमानपण न्गाटांचेच होते. त्यांनी त्या प्रसंगी पुस्तिका लिहिली, तिचे नाव 'नागरिकत्वाची किंमत'. किंमत चुकती झाली आहे, आता हक्काचे माप पुरे पडले पाहिजे, हा तिचा आशय.

अखेरची वर्षे पुन्हा वहीकडे गेली. गाण्यांचे उरलेले काम, बायबलच्या माओरी भाषांतराची दुरुस्ती आणि होनोलुलूत स्थायिक झालेल्या जुन्या मित्राशी, पीटर बकशी, पत्रव्यवहार. १९४८ साली विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १९४९ साली एका शाळकरी मुलीच्या स्वाक्षरीवहीत त्यांनी चार ओळी लिहून दिल्या. पोटापाण्याची विद्या नव्या जगाकडून घे, पण मनाचा दागिना पूर्वजांचाच असू दे, असा त्यांचा सारांश आज त्या देशात मुलामुलांना पाठ आहे. १४ जुलै १९५० रोजी वायओमाटाटिनीला त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या मागे काय झाले तेही सांगितले पाहिजे. पेई टे हुरिनुई जोन्स या विद्वानाने गाण्यांची भाषांतरे पुढे नेली. तिसरा भाग १९७० साली आणि चौथा १९९० साली निघाला. १९७५ साली वायटांगी न्यायाधिकरण स्थापन झाले. १९८५ पासून त्याला थेट १८४० पर्यंतच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार मिळाला. १९८७ साली माओरी ही देशाची अधिकृत भाषा झाली. १९९५ साली वायकाटोच्या जप्तीबद्दल सरकारने माफी मागून भरपाई दिली आणि २०१० साली न्गाटी पोरो टोळीशीही करार झाला. १९९२ पासून न्यूझीलंडच्या पन्नास डॉलरच्या नोटेवर न्गाटांचा चेहरा आहे. ज्यांच्यावर सरकारी पैशाच्या हिशेबाचा ठपका आला, त्यांचेच चित्र सरकारी नोटेवर आले, यावर काही भाष्य करण्याची गरज नाही.

या न्यायाधिकरणापुढे आजही टोळीचे वृद्ध उभे राहतात आणि आपला दावा सांगताना गाणे म्हणतात. समोर न्यायाधीश असतात, टेबलावर नकाशे आणि दस्तऐवज असतात, आणि गाणे त्यांच्या बरोबरीने पुराव्यात धरले जाते. त्यातले कित्येक शब्द आज कोणाला आठवले नसते. एका वकिलाने ते कर्त्याच्या नावानिशी वेळेवर उतरवून ठेवले, म्हणून ते साक्षीला हजर आहेत.